ओळखीचा सूर, विसरलेलं नाव

लग्नाच्या वरातीत कधीच 'शोला जो भडके' वाजलं नाही, असं एखादं गाव आपल्या मराठवाड्यात सापडेल का, मैत्रिणींनो? मला तरी शंकाच आहे. डीजेच्या भिंतींनी बँडवाल्यांच्या पोटावर पाय आणला हे खरं, पण आमच्या देगलूरकडे अजूनही एखाद्या वरातीत खराखुरा बँड असतो. आणि बँड असला की 'भोली सूरत दिल के खोटे' आणि 'शोला जो भडके' ही जोडी आलीच. मग काय! नवरदेवाच्या मित्रांपासून ते गुडघेदुखीने बेजार झालेल्या मावशीपर्यंत सगळ्यांचे हातपाय आपोआप हलायला लागतात. भगवानदादांचा तो नाच कुणाला शिकवावा लागत नाही.

ही गाणी 1951 सालच्या 'अलबेला' सिनेमातली. 'शोला जो भडके' गाणाऱ्या लता मंगेशकर आणि चितळकर आपल्याला माहीत आहेत. चितळकर म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, हेही बऱ्याच जणींना ठाऊक असेल. नाचणारे भगवानदादा आणि गीता बाली तर डोळ्यांसमोरच उभे राहतात. पण हा सिनेमा बघताना नाचणाऱ्यांच्या मागे कधी पाहिलंय का? झालरींचे सदरे घातलेली वादक मंडळी तिथे दिसतात. त्यांचा म्होरक्या ट्रम्पेट वाजवणारा. आपली नजर त्याच्यावरून सरकून जाते, थांबत नाही.

त्याचं नाव चिक चॉकलेट. नाव ऐकून हसू आलं ना? पण 1940 आणि 1950 च्या दशकांतल्या मुंबईत हे नाव घेतलं की जाणकारांचे कान टवकारायचे. भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. त्यात सूर आहेत, सिनेमा आहे, आणि आपल्यासारख्या बायकांना न सांगता कळेल अशी एक बोचही आहे.

चिक चॉकलेटचं खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 चा, गोव्यातल्या बारदेश तालुक्यातल्या हळदोणे गावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं, जसं आपल्या भागावर निजामाचं. 15 ऑगस्ट 1947 ला सगळा देश स्वातंत्र्याचे पेढे वाटत होता, तेव्हा आपण आणि गोवेकर दोघेही बाहेरच होतो. आपल्याकडे तो दिवस उजाडला 17 सप्टेंबर 1948 ला आणि त्यांच्याकडे थेट 19 डिसेंबर 1961 ला. म्हणजे गोव्याचा मुलगा मुंबईला पोट भरायला निघाला की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालला, असाच हिशेब होता.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतल्या मुलांना एक गोष्ट मात्र लहानपणीच मिळायची. चर्चच्या शाळेत संगीत शिकवायचे. तेही नुसतं कानाने ऐकून नाही, तर कागदावरच्या पाच रेघांवर मांडलेले सूर वाचून. आपण धुळाक्षरं गिरवतो तशी ही मुलं सूर गिरवायची. प्रार्थनेत गायचं, व्हायोलिन धरायचं, गावच्या सणाला बँडमध्ये वाजवायचं. शेतीवर भागायचं नाही, मग हीच विद्या घेऊन गोव्याची माणसं बाहेर पडायची. कुणी लष्कराच्या बँडमध्ये, कुणी संस्थानिकाच्या दरबारात, कुणी बोटीवर, कुणी हॉटेलात. मूक सिनेमाच्या काळात पडद्यासमोर बसून वाजवणाऱ्यांतही गोवेकर होते.

अंतोनियोच्या आईचं मत मात्र वेगळं होतं. पोराने मेकॅनिक व्हावं, हाताला कायमचं काम असावं, महिन्याच्या महिन्याला पैसे घरात यावेत, असं त्या माउलीला वाटायचं. तिचं काय चुकलं सांगा! वाजंत्र्याच्या घरात चूल रोज पेटेलच याची हमी तेव्हा नव्हती, आताही नाही. आमच्या गल्लीत एका वहिनींचा मुलगा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. लग्नसराईत त्याला जेवायला सवड नसते आणि आषाढ लागला की हातावर हात धरून बसतो. वहिनी त्याला गॅरेजात काम शीक म्हणून मागे लागल्यात. हळदोण्याची आई आणि देगलूरची आई, मधे इतकी वर्षं गेली, काळजी तीच.

पण अंतोनियोच्या डोक्यात एकच नाव बसलं होतं, लुई आर्मस्ट्राँग.

हा आर्मस्ट्राँग कोण, ते थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात 1901 साली जन्मलेला काळा मुलगा. घरात अठराविसे दारिद्र्य. काही काळ मुलांच्या सुधारगृहात काढावा लागला आणि तिथल्या बँडमध्ये पितळी वाद्य हातात नीट बसलं. पुढे हाच मुलगा जाझ नावाच्या संगीताचा राजा झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची नातवंडं-पतवंडं हे संगीत वाजवू लागली. शेतात राबताना त्यांचे पूर्वज जी कामाची गाणी म्हणायचे, ती या संगीताच्या मुळाशी आहेत. 1920 च्या दशकात आर्मस्ट्राँगच्या तबकड्या निघाल्या आणि जहाजांबरोबर जगभर गेल्या. गोवा-मुंबईलाही पोचल्या.

जाझ म्हणजे नक्की काय, असं कुणी विचारलं तर मी जात्याचं उदाहरण देते. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसायच्या. जात्याची घरघर एका लयीत चालायची. ती लय सुटली तर हात आखडायचा, पीठ भरड यायचं. त्या लयीवर आजी ओवी म्हणायची. चाल ठरलेली, पण शब्द? कधी माहेरचे, कधी भावाचे, कधी सासूला टोमणा मारणारे. कालची ओवी आज तशीच यायची असं नाही. समोर बसलेली जाऊबाई तिच्या ओवीला आपली ओवी जोडायची. लिहिलेलं काही नाही, ठरवलेलं थोडं, बाकी सगळं त्या वेळी सुचलेलं. गंगाखेडच्या जनाबाईचं नावही आपण जात्याशिवाय घेत नाही, ते उगाच नव्हे.

जाझचंही हेच. समजा चौघं वाजवायला बसलेत. एकाकडे ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन, एकाकडे पियानो, एकाकडे बास नावाचं माणसाएवढं उंच तंतुवाद्य आणि एकाकडे ड्रम. गाणारं कुणी नाही. बास आणि ड्रम मिळून ठेका धरतात, तीच जात्याची घरघर. या पकडून ठेवणाऱ्या लयीला तिकडे ग्रूव्ह म्हणतात. आधी चौघं मिळून मूळ चाल वाजवतात. मग एक जण चालीचं बोट धरून बाहेर पडतो आणि त्या क्षणी सुचेल तसं वाजवत सुटतो. बाकीचे तिघे त्याला सांभाळून घेतात. त्याचं झालं की दुसरा. सगळ्यांची पाळी आली की पुन्हा चौघं एकत्र, पुन्हा मूळ चाल, आणि संपलं.

कीर्तन ऐकणाऱ्यांना तर हे लगेच कळेल. आमच्या देगलूरचं नाव महाराष्ट्रभर झालं ते धुंडामहाराज देगलूरकरांमुळे. कीर्तनात अभंग एकच असतो. टाळ-मृदंग ठेका धरून असतात. बुवा अभंगाचं एक चरण घेतात, कुठल्या कुठे फिरून येतात, दाखले देतात, हसवतात, रडवतात, आणि ध्रुपदावर असे अलगद येऊन उतरतात की सगळे टाळकरी एकदम उचलतात. निरूपणाला पाठांतर लागतं, पण नुसत्या पाठांतराने निरूपण होत नाही. जाझवाल्याचंही तसंच आहे. रियाज दांडगा लागतो, आणि तो पाठीशी असला की मगच मोकळं सुटता येतं.

तर अंतोनियोने आईचं ऐकलं नाही. ट्रम्पेट घेऊन तो गोव्याबाहेर पडला आणि त्याचा चिक चॉकलेट झाला. त्या काळी मुंबईत धोबीतलाव भागात गोव्याच्या गावागावांनी आपापली कूड काढलेली असायची. कूड म्हणजे गावकऱ्यांसाठी स्वस्तातली राहायची जागा. एका खोलीत कितीतरी माणसं, प्रत्येकाची एक पेटी, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. खलाशी, आचारी, वादक, सगळे तिथेच उतरायचे. नवीन आलेल्याला काम कुठे मिळेल, हे तिथेच कळायचं.

मुंबईत जाझला पहिला मोठा मान मिळाला तो ताजमहाल हॉटेलात. 1935 च्या सुमारास लिऑन अ‍ॅबी नावाचा अमेरिकेतला काळा वादक आपला बँड घेऊन तिथे आला. मग क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड आला. स्वतःच्या देशात त्या लोकांना कितीतरी हॉटेलांच्या पुढच्या दारातून आत येऊ देत नसत. इथे ते रोज संध्याकाळचे मानकरी झाले. त्यांच्या बँडमध्ये हळूहळू गोव्याचे वादकही बसू लागले. कागद वाचता येत होता, हात तयार होता. राहिलं होतं ते एकच, कागदावर नसलेलं वाजवायचं धाडस. ते या पाहुण्यांकडून शिकायला मिळालं.

चिकने ते पुरेपूर उचललं. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा तो स्वतःच्या बँडचा प्रमुख झाला होता आणि ताजमध्ये वाजवत होता. त्याने आर्मस्ट्राँगला नुसतं ऐकलं नव्हतं, अंगात भिनवलं होतं. तोच खरखरीत आवाज काढून गाणं, तसंच ट्रम्पेट वर आभाळाकडे रोखणं, हातात तसाच पांढरा रुमाल. लोकांना वाटायचं, तबकडीतला माणूसच समोर उभा राहिलाय. ही नक्कल होती का? सुरुवात नकलेनेच झाली असणार. आपणही आईचा स्वयंपाक बघून पहिली पोळी लाटतो. पुढे हाताला स्वतःचं वळण लागतं. चिकच्या हातालाही लागलं. नाही तर ज्यांनी खरा जाझ ऐकला होता, त्या लोकांनी त्याला इतकी वर्षं डोक्यावर घेतलं नसतं.

पण दिवस पालटले. 1947 साली इंग्रज गेले आणि त्यांच्याबरोबर हॉटेलांतला बराचसा नाचणारा वर्ग गेला. पाठोपाठ 1949 चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला. आता दारूबंदी म्हटलं की आपण बायका हात वर करून पाठिंबा देणार, आणि का देऊ नये? दारूने काय होतं ते आपल्याइतकं कुणी पाहिलंय? पण त्या कायद्याची एक बाजू अशीही होती की हॉटेलं आणि क्लब ओस पडले आणि तिथे वाजवणाऱ्यांच्या घरी ओढाताण सुरू झाली. त्यांना दुसरं दार शोधणं भाग होतं. ते दार होतं हिंदी सिनेमाचं.

सिनेमालाही त्यांची गरज होतीच. आपल्या संगीतकारांकडे चाली होत्या, रागदारी होती. पण वीस-तीस वाद्यं एकत्र वाजवायची तर प्रत्येकाने कधी काय वाजवायचं हे लिहून लागतं. ही लिहिण्या-वाचण्याची विद्या गोवेकरांकडे होती. म्हणून शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसूझा आले, इतरांकडे फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस असे एकेक जण आले. आणि सी. रामचंद्रांकडे आला चिक चॉकलेट.

सी. रामचंद्र म्हणजे सिनेमावाल्यांचे अण्णा. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. पण कानाची दारं सताड उघडी ठेवणारा माणूस. 1947 च्या 'शहनाई'त त्यांनी 'आना मेरी जान संडे के संडे' करून गिटार, माउथ ऑर्गन आणि शीळ यांची धमाल उडवून दिली होती. 1950 च्या 'समाधी'त लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचं 'गोरे गोरे ओ बांके छोरे' आलं, तेव्हा लॅटिन अमेरिकेतल्या नाचाचा ठेका घरोघरी पोचला. आणि 1951 ला 'अलबेला'. 'शोला जो भडके'मध्ये बोंगो आहे, क्लॅरिनेट आहे, सॅक्सोफोन आहे, ओबो नावाचं सनईच्या जातीचं वाद्य आहे आणि अर्थातच ट्रम्पेट आहे. शास्त्रीय गाण्यात मुरलेला पुणतांब्याचा माणूस आणि जाझमध्ये मुरलेला हळदोण्याचा माणूस एकत्र बसले, म्हणून हे जमलं. सोबतीला गिरणगावात वाढलेले भगवानदादा! सांगा, या गाण्याला परकं कसं म्हणायचं?

गाणं तयार कसं व्हायचं, हेही ऐकण्यासारखं आहे. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवायचे. सहायक आणि अरेंजर मंडळी ती चाल उतरवून घ्यायची, कुठे कुठलं वाद्य येणार ते लिहायची आणि प्रत्येक वादकाला त्याचा कागद द्यायची. गायिका, गायक आणि सगळे वादक एकाच वेळी, एकाच दमात गाणं करायचे. आजच्यासारखं तुकडे जोडायची सोय नव्हती. शेवटच्या ओळीत कुणाचा सूर हलला की सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायची. शंभर माणसांचा स्वयंपाक एका चुलीवर करताना आपली जी गत होते, तीच.

यात जाझवाल्याची घुसमट व्हायची नाही का? व्हायची असणारच. हॉटेलात जो माणूस मनाला येईल तेवढा वेळ फिरून यायचा, त्याच्या वाट्याला इथे दोन कडव्यांमधले काही सेकंद. तेही मोजलेले. काही जणांना हे काम म्हणजे पोटासाठी केलेली तडजोड वाटली. पण मला आणखी एक दिसतं. धृपद आणि अंतरा यांच्यामधल्या त्या इवल्याशा जागेत या लोकांनी आपलं सगळं ओतलं. आपण गाणं गुणगुणताना शब्द संपले की तोंडाने जो ट्यँ-ट्यँ-ट्यँचा तुकडा म्हणतो ना, तो बहुतेक वेळा अशाच कुणाच्या तरी डोक्यातून आलेला असतो. त्या तुकड्याशिवाय गाणं आपल्याला अर्धंच वाटतं. पण तो कुणी रचला, हे विचारायचं आपल्या ध्यानात येत नाही.

येणार तरी कसं? तबकडीवर सिनेमाचं नाव असायचं, गायकाचं असायचं, संगीतकाराचं असायचं. वाजवणाऱ्यांची नावं नसायची. 1952 पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, घराघरांतल्या बायका कामं आवरून रेडिओजवळ बसू लागल्या, पण त्या गोड आवाजातल्या निवेदनातही ट्रम्पेटवाल्याला जागा नव्हती.

म्हणून 'अलबेला'चं मोल मला जास्त वाटतं. तिथे निदान चेहरा तरी दिसतो. चिक आणि त्याचे साथीदार पडद्यावर आले, नटूनथटून, वाद्यांसकट. ज्यांचा फक्त आवाज ऐकायचा असा रिवाज होता, त्यांना भगवानदादांनी उजेडात उभं केलं.

त्याच 1951 साली चिकला स्वतंत्र संगीतकार म्हणूनही संधी मिळाली. देव आनंद आणि मधुबाला यांचा 'नादान'. त्यातलं तलत महमूद यांचं 'आ तेरी तस्वीर बना लूं' जुन्या गाण्यांच्या शौकिनांना हमखास आठवतं. हे गाणं ऐकाल तर चकित व्हाल. त्यात ना धमाल ना नाच. शांत, हळुवार चाल. कर्कश्श वाद्य वाजवणारा माणूस असं काही करू शकतो, हे कुणाला खरं वाटलं नसतं! मग 1953 ला 'रंगीन', 1956 ला 'कर भला'. 'कर भला'त त्याच्या जोडीला निसार बझ्मी होते, मूळचे आपल्या खानदेशातले, जे पुढे पाकिस्तानात जाऊन मोठे संगीतकार झाले.

पण संगीतकार म्हणून चिकची गाडी पुढे गेली नाही. सिनेमाच्या धंद्यात चाल बांधता येणं पुरत नाही, निर्माते सांभाळावे लागतात, नाव टिकवावं लागतं. तो पुन्हा दुसऱ्यांच्या मदतीला उभा राहिला. सी. रामचंद्रांबरोबर तो होताच, मदन मोहन यांच्याकडेही त्याने काम केलं. दिवसा स्टुडिओ आणि रात्री हॉटेलातला बँड, अशीच त्या काळच्या गोवेकर वादकांची दिनचर्या असायची. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन चुली सांभाळणं.

याच काळात सी. रामचंद्रांचं 1957 च्या 'आशा'मधलं 'ईना मीना डीका' आलं. अर्थ नसलेल्या शब्दांचं हे गाणं किशोर कुमार यांनी गायलं आणि आशा भोसले यांनीही. पोरांना आजही पाठ असतं. पण नुसत्या निरर्थक अक्षरांनी गाण्यात मजा आणायची ही रीत कुठली? जाझमधलीच. 1926 साली लुई आर्मस्ट्राँगने एका तबकडीत असंच शब्द सोडून अक्षरांशी खेळत गाऊन दाखवलं होतं, आणि त्याची हवा जगभर झाली. न्यू ऑर्लिन्सची ती खोडी तीस वर्षांनी आपल्या अंगणात आली, ती गोव्याच्या वादकांच्या संगतीत.

पुढच्याच वर्षी, 1958 ला, अमेरिकेतला एक नामवंत जाझ चौकडा मुंबईत आला. डेव्ह ब्रूबेक पियानोवर, पॉल डेस्मंड सॅक्सोफोनवर, युजीन राइट बासवर आणि जो मोरेलो ड्रमवर. मुंबईत ब्रूबेक आपल्या सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवायला बसले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण ठेका दोघांनाही कळत होता. त्यानंतर वर्षभराने याच चौकड्याने पाच मात्रांची एक धून वाजवली, 'टेक फाइव्ह' नावाची, आणि ती जगभर गाजली. चारच्या हिशेबात नाचणाऱ्या लोकांना पाचाची मोठी नवलाई वाटली. आपल्या झपतालाच्या दहा मात्रा ऐकत वाढलेल्यांना तिचं काय एवढं!

चिक चॉकलेट मे 1967 मध्ये गेला. वय पन्नाशीच्या आसपास. मुंबईतला तो जाझचा काळही तेव्हा ओसरू लागला होता. पुढे 1978 ला मुंबईत जाझ यात्रा नावाचा मोठा महोत्सव सुरू झाला, देशोदेशींचे वादक आले, आपले लोक रागदारी आणि जाझ एकत्र वाजवू लागले. ते पाहायला चिक नव्हता. सी. रामचंद्रही 1982 ला गेले, भगवानदादा 2002 ला.

मग कितीतरी वर्षांनी पडद्यामागच्या या माणसांची आठवण झाली. ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकाने मुंबईच्या स्टुडिओंतल्या म्हाताऱ्या वादकांना भेटून, त्यांच्याशी बोलून 2008 साली पुस्तक लिहिलं. पाठोपाठ नरेश फर्नांडिस या पत्रकाराने मुंबईच्या जाझवर पुस्तक केलं, त्यात चिकची आणि त्याच्या सोबत्यांची हकीकत आली. तोवर कितीतरी जण जाऊन चुकले होते. अँथनी गोन्साल्विस यांचं नाव निदान 1977 च्या त्या अमिताभ बच्चनच्या गाण्यामुळे पोराबाळांच्या तोंडी राहिलं, कारण ते गाणं बांधणाऱ्या प्यारेलाल यांनी लहानपणी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलं होतं. शिष्याने गुरूचं ऋण असं फेडलं. सगळ्यांच्या नशिबी असा शिष्य कुठला?

हे सगळं वाचताना मला राहून राहून आमच्या आत्याबाईंची आठवण येत होती. माझ्या सासूबाई. त्यांना शेकड्यांनी ओव्या यायच्या. मी एकदा विचारलं होतं, या कुणी केल्या? त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या सासूने म्हटल्या होत्या, त्यांनी त्यात घातलं काही, सोडलं काही. नाव कुणाचं लावायचं? त्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांनी घातलेलं तेवढं गेलं. ज्या ओव्या कुणी लिहून घेतल्या त्या उरल्या, पण त्यांच्याखालीही रचणारीचं नाव क्वचितच सापडतं.

त्या त्या वेळी सुचलेल्या कलेचं हे असंच असतं. ती वाऱ्यावर जाते. जाझवाल्याने एका रात्री हॉटेलात वाजवलेलं दुसऱ्या रात्री परत येत नाही. चिकने ताजच्या दिवाणखान्यात रात्र-रात्र जे उधळलं, त्यातलं आपल्यापर्यंत पोचलेलं फार थोडं. जे पोचलं ते सिनेमातल्या त्या मोजक्या सेकंदांत बसलेलं. त्याच्या आईला हवं होतं तसं मेकॅनिकचं काम त्याने पत्करलं असतं तर घर कदाचित जास्त निवांत चाललं असतं. पण मग आपल्या वरातींत काय वाजलं असतं?

मला वाटतं, नाव घेणं ही काही फार मोठी गोष्ट नाही, पण ती करावी. घरात पंगतीला आमटीची तारीफ झाली की आपण म्हणतो ना, ही धाकटीने केलीय. तेवढंच. परवा मी आमच्या त्या वहिनींच्या मुलाला चिक चॉकलेटबद्दल सांगितलं. त्याच्या बँडमधले सगळे ते गाणं कित्येक वर्षं वाजवतात. नाव कुणालाच माहीत नव्हतं. त्याने मोबाइलवर 'अलबेला'चं गाणं लावलं, तो माणूस दिसल्यावर थांबवलं, आणि बराच वेळ नुसतं त्याच्या बोटांकडे बघत राहिला. मग पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

तुम्हीही एकदा बघा, मैत्रिणींनो. दुपारची कामं उरकली की पाच मिनिटं काढा. या वेळी भगवानदादा आणि गीता बाली यांना जरा बाजूला राहू द्या आणि मागच्या झालरीवाल्यांकडे बघा. ट्रम्पेट वाजवतोय तो आपला हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ. शेजारी मुलगा किंवा सून असेल तर त्यांनाही त्याचं नाव सांगा.